आधी इमारत, मग वाचक

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच्या ग्रंथालयाचे दार उघडले ते २७ फेब्रुवारी १८८० रोजी. मधल्या बावीस-तेवीस वर्षांत विद्यापीठाचे ग्रंथालयावाचून फारसे अडले नाही, आणि याचे कारण विद्यापीठाच्या घडणीतच होते. कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठांप्रमाणे मुंबईचे विद्यापीठही लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले होते. महाविद्यालयांना संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या, एवढेच त्याचे काम. शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांची होती. त्यामुळे विद्यापीठाला वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते आणि रोज भेटणारे विद्यार्थीही नव्हते. त्याचा कारभार टाउन हॉलमधून चाले. परीक्षाही तिथेच होत.

पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या पिढीचे वाचन झाले ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या ग्रंथसंग्रहावर. रानड्यांनी विद्यार्थिदशेत इतके वाचले, की त्यांची दृष्टी अधू झाली. शहरात इतर ठिकाणी पुस्तके नव्हती असे नाही. १८०४ मध्ये जेम्स मॅकिन्टॉश यांनी सुरू केलेल्या लिटररी सोसायटीचा, म्हणजे पुढच्या एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा, मोठा संग्रह टाउन हॉलमध्येच होता. परंतु तिथे पहिला हिंदी सभासद घेतला गेला तो १८४० मध्ये, आणि विशीतल्या विद्यार्थ्याला त्या दालनात मुक्तपणे वावरता येण्याचा प्रश्नच नव्हता. १८४५ ची नेटिव्ह जनरल लायब्ररी हिंदी लोकांनी हिंदी लोकांसाठी काढलेली असली, तरी तिथे परीक्षेला नेमलेले ग्रंथ मिळतीलच याची खात्री नसे.

ग्रंथालयाची कल्पना विद्यापीठाच्या गरजेतून निघाली नाही. ती निघाली कापसाच्या पैशातून. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या यांचे शेअर दिवसागणिक चढू लागले. या सगळ्या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हा मूळचा सुरतेचा जैन दलाल होता. ऑगस्ट १८६४ मध्ये त्याने विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये देऊ केले. आपल्या पत्रात त्याने इच्छा व्यक्त केली होती, की ही वास्तू शहराचे भूषण ठरावी, मागच्या आणि पुढच्या अनेक पिढ्यांच्या विद्वत्तेचे भांडार व्हावी आणि त्यायोगे विद्यापीठाची उच्च उद्दिष्टे साधली जावीत. ऑक्टोबरमध्ये त्याने आणखी दोन लाख दिले. हे पैसे ग्रंथालयाला जोडून मनोरा बांधण्यासाठी होते आणि त्या मनोऱ्याला आपली आई राजाबाई हिचे नाव द्यावे, एवढीच त्याची मागणी होती. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैन नियम पाळणाऱ्या दृष्टिहीन आईला घड्याळाच्या टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून मनोऱ्याची योजना झाली, अशी गोष्ट मुंबईत आजही सांगितली जाते. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि उन्हाळा सरतो न सरतो तोच शेअरबाजारही आडवा झाला. प्रेमचंद रायचंद बुडाला. त्याच्याबरोबर बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. विद्यापीठाला दिलेले चार लाख मात्र आधीच जमा झालेले असल्यामुळे वाचले, आणि बांधकाम रेंगाळल्याने त्यांवर व्याजही चढले. पायाचा दगड बसला १ मार्च १८६९ रोजी, म्हणजे दाता कफल्लक झाल्यानंतर. तेजीच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईत कागदावर उभ्या राहिलेल्या असंख्य योजनांपैकी बहुतेक विरून गेल्या, ग्रंथालय तगले.

आराखडे काढले लंडनचे नामांकित वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. ते मुंबईत कधीच आले नाहीत. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडल्यानंतर मोकळ्या झालेल्या जागेत, ओव्हल मैदानाच्या कडेला सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि उच्च न्यायालय अशी गॉथिक इमारतींची रांग उभी राहिली. त्या काळी मैदानाच्या पलीकडे लगेच समुद्र होता. दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले होते आणि ते ग्रंथालयाच्या आधी, १८७४ मध्ये पुरे झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने पदवीदानाची जागा वाचनाच्या जागेआधी बांधावी, हे तिच्या स्वभावाला धरूनच झाले.

ग्रंथालय आणि मनोऱ्याचे काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये आला. मनोऱ्याची उंची २८० फूट. शहरात त्याच्याइतके उंच दुसरे काही नव्हते. वरच्या टप्प्यांवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे दगडी पुतळे आहेत. ते घडवण्यामागे रावबहादुर मुकुंद रामचंद्र या अभियंत्याचा हात होता. इंग्रज वास्तुविशारदाच्या युरोपीय मनोऱ्यावर पागोट्यांचे इतके प्रकार दिसतात, ते त्याच्यामुळे. खाली मनोऱ्याच्या पोटातून गाडी आत जाण्याची सोय, दोन्ही बाजूंना गोल जिने, वरच्या मजल्यावर कोरीव लाकडी छताचे लांबलचक वाचनदालन आणि खिडक्यांना रंगीत काचा. दालनाला बाहेरून कमानींची ओवरी असल्याने ऊन आणि पावसाची झड थेट पुस्तकांवर येत नाही. आराखडा परदेशात झाला असला, तरी एवढा विचार त्यात होता. समुद्राच्या दमट हवेवर मात्र कोणत्याच आराखड्यात उपाय नव्हता. कसर, वाळवी आणि बुरशी यांच्याशी ग्रंथालयाचा झगडा पहिल्या पावसाळ्यापासून सुरू झाला आणि तो अजून चालू आहे.

मनोऱ्यातील घड्याळ आणि त्याच्या घंटांचे संच यांचे शहराला फार अप्रूप होते. घंटांवर वेगवेगळ्या धून वाजत, त्यात इंग्लंडचे राष्ट्रगीतही असे. २५ एप्रिल १८९१ रोजी मनोऱ्यावरून दोन पारशी स्त्रिया पडून मृत्यू पावल्या. या प्रकरणाने वर्तमानपत्रे आणि न्यायालये कितीतरी महिने गाजली आणि मनोऱ्याला एक वेगळीच कीर्ती चिकटली. टोल्यांवर घड्याळे लावणाऱ्या आणि त्या खटल्याची चर्चा करणाऱ्या मुंबईकरांपैकी खालच्या मजल्यावर पुस्तके आहेत याची दखल किती जणांनी घेतली असेल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

दखल न घेण्याचे कारण वाचकांचा आळस नव्हता. १८८० मध्ये विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सिंधपासून धारवाडपर्यंत पसरले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या, आणि पुढे १८८५ मध्ये निघालेल्या फर्गसनच्या किंवा १८८७ मध्ये निघालेल्या कराचीच्या कॉलेजच्या विद्यार्थ्याला ओव्हलसमोरचे ग्रंथालय असून नसल्यासारखे होते. खुद्द मुंबईतही एल्फिन्स्टन कॉलेज तेव्हा भायखळ्याला होते, ग्रँट मेडिकल कॉलेजही तिकडेच. विद्यार्थ्याचा दिवस कॉलेजात जाई, रात्र गिरगावच्या खोलीत किंवा नातेवाइकांच्या घरी. विद्यापीठाशी त्याचा संबंध येई तो वर्षातून एकदा, परीक्षेच्या मांडवात.

त्या परीक्षेच्या तयारीला ग्रंथालय लागतही नसे. प्रत्येक परीक्षेसाठी नेमलेली पुस्तके ठरलेली असत आणि ती विकत घेऊन, उसनी आणून किंवा हाताने उतरवून काढून पाठ केली जात. विद्यापीठ दरवर्षी एक जाडजूड कॅलेंडर काढी. त्यात नियम, नेमलेली पुस्तके आणि निकाल यांच्याबरोबर मागच्या प्रश्नपत्रिकाही छापलेल्या असत. विद्यापीठाने स्वतः पुरवलेले सर्वांत उपयुक्त अभ्याससाहित्य हेच, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. प्रश्नांचा साचा कळला की उत्तरांच्या टिपा तयार करणारे पुढे येतातच. इंग्रजी नेमणुकांवरच्या छापील टिपांचा धंदा एकोणिसाव्या शतकातच जोरात चालू होता. आजचे गाइड आणि ‘अपेक्षित’ संच त्याचेच वंशज आहेत.

मराठी पुस्तकांची तर विद्यापीठाच्या परीक्षांना गरजच उरली नव्हती. आरंभी देशी भाषांना परीक्षांत स्थान होते, पण १८६०च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या वगळल्या गेल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, फारसी, लॅटिन अशा अभिजात भाषा आल्या. रानड्यांनी सिनेटमध्ये अनेक वर्षे खटपट केल्यानंतर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. मराठी ग्रंथांचा साक्षेपाने केलेला संग्रह म्हणून १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय वेगळे काढावे लागले, त्यामागची ही पार्श्वभूमी लक्षात घेण्यासारखी आहे.

१८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. त्यांच्यामागून भांडारकर आले. दोघेही हाडाचे ग्रंथप्रेमी आणि संशोधक, पण विद्यापीठाची घटना बदलणे त्यांच्या हाती नव्हते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने तिन्ही जुन्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांची पाहणी केली आणि जे दिसले ते आडपडदा न ठेवता नोंदवले. मद्रासचे ग्रंथालय पूर्ण दुर्लक्षित होते. मुंबईचा संग्रह, विशेषतः पौर्वात्य विद्येचा, चांगला होता. पण पदवीधर त्याचा उपयोग क्वचितच करीत आणि विद्यार्थी जवळजवळ कधीच नाही. बावीस वर्षांनंतरचा हा हिशेब होता. प्रेमचंद रायचंदच्या पत्रातली पहिली इच्छा पुरी झाली होती, दुसरी बऱ्याच अंशी झाली होती आणि तिसरीचा पत्ता नव्हता.

मग विद्यार्थी वाचत कुठे होते? एक उदाहरण चांगले नोंदलेले आहे. विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जात. तिथे रोज बाकावर बसून पुस्तकात डोके घातलेला एक मुलगा त्यांना दिसू लागला. ते भीमराव आंबेडकर होते. केळुसकरांनी त्यांना पुस्तके पुरवली आणि १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात प्रा. मुलर त्यांना पुस्तके देत. चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तकाइतकीच, किंबहुना जास्तच, बसायला जागा हवी असे. बागेचा बाक, रस्त्यावरचा दिवा, देवळाची ओसरी आणि नंतरच्या काळात डेव्हिड ससून ग्रंथालयामागची हिरवळ यांनी मुंबईत अभ्यासिकेचे काम केले. विद्यापीठाचे प्रशस्त दालन त्या यादीत फार उशिरा आले.

ते आले १९०४ च्या विद्यापीठ कायद्यामुळे. या कायद्याने विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमण्याची, ग्रंथालये आणि प्रयोगशाळा चालवण्याची मुभा दिली. मुंबईने तिचा उपयोग सावकाश केला. १९१९ मध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले आणि समाजशास्त्राच्या आसनावर पॅट्रिक गेडिस आले. शहरच्या शहर पायी हिंडून अभ्यासावे असे मानणारा हा माणूस ग्रंथालयात किती रमला असेल कोण जाणे! त्यांच्यानंतर १९२४ मध्ये आलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये मात्र पुस्तकांत मुरलेले होते. त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्यांची रांग लागली. इरावती कर्वे यांचा चित्पावनांवरचा एम.ए.चा प्रबंध १९२८ चा; म्हैसूरमधील विवाह आणि कुटुंब यांवरचे म. ना. श्रीनिवास यांचे पहिले पुस्तकही मुंबईतल्याच प्रबंधातून निघाले. प्रबंध लिहायचा म्हणजे गॅझेटिअर, जनगणनेचे खंड, परदेशी नियतकालिकांचे जुने अंक, दुर्मीळ प्रवासवर्णने हे सगळे हाताशी लागते. ते कोणत्याही एका कॉलेजच्या कपाटात नव्हते. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला खऱ्या अर्थाने वाचक मिळाला तो हा संशोधक विद्यार्थी. त्याचा तयार प्रबंध पुन्हा त्याच ग्रंथालयात जमा होई आणि पुढच्याचे साधन बने. अशा रीतीने छापील बाजारात कधीच न आलेल्या ग्रंथांचा एक संग्रह आपोआप वाढत गेला.

याच सुमारास हस्तलिखितांचीही नीट व्यवस्था लागली. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली. ती १९३५ मध्ये निघाली. भगवत्सिंहजी संग्रह आणि भडकमकर स्मृतिसंग्रह यांतील संस्कृत पोथ्यांची सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली. ती १९४४ ची. पोथीसंग्रहाला सूची नसेल, तर बस्त्यात काय बांधले आहे हे बांधणाऱ्याखेरीज कोणालाच कळत नाही. या दोन सूच्यांमुळे संग्रह मुंबईबाहेरच्या अभ्यासकांच्या नजरेत आला. बहामनी आणि दख्खनच्या इतिहासाचे जाणकार पु. म. जोशी हे या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते आणि पुढे ते महाराष्ट्राच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. ग्रंथपाल हा पुस्तके मोजून घेणारा कारकून नसून स्वतः अभ्यासक असावा, हा संकेत त्या पिढीने रुजवला. चाळीसच्या दशकात विद्यापीठाने ग्रंथपालनाचा पदविका अभ्यासक्रमही सुरू केला. मद्रास विद्यापीठात शि. रा. रंगनाथन यांनी घडवलेले नवे ग्रंथालयशास्त्र तोवर देशभर पोहोचले होते.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र झपाट्याने आकसले. सिंध पाकिस्तानात गेला. पुणे, गुजरात, कर्नाटक आणि बडोदा येथे १९४९ च्या आसपास स्वतंत्र विद्यापीठे झाली. पुण्यात गणेशखिंडीच्या विस्तीर्ण आवारात विभाग आणि ग्रंथालय सुरुवातीपासूनच शेजारी वसले; पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाने ते ग्रंथालय ओळखले जाते. मुंबईला ही सोय फोर्टच्या चिंचोळ्या जागेत नव्हती. विद्यार्थी वाढले आणि विभागही वाढले, पण वारसावास्तूत नवी कपाटे लावायला भिंती उरल्या नाहीत. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांकडून प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मिळवण्याचा हक्क मुंबईत टाउन हॉलच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला मिळाला, विद्यापीठाला नाही. विद्यापीठाची खरेदी अनुदानावर अवलंबून राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. विद्यापीठांतील ग्रंथालयांची जागा, कर्मचारी आणि खरेदी यांबाबतचा विचार पुढे बरीच वर्षे तिच्या शिफारशींच्या आधाराने होत राहिला.

१९७१ पासून विभाग सांताक्रूझजवळच्या कलिना येथील विद्यानगरीत हलू लागले आणि तिथे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय उभे राहिले. या वेळी क्रम उलटा होता. वाचक आधी गेले, पुस्तके त्यांच्यामागून. फोर्टमध्ये जुना संग्रह, हस्तलिखिते आणि दुर्मीळ ग्रंथ राहिले. रोजच्या देवघेवीचा आणि चालू नियतकालिकांचा भार कलिन्याकडे गेला. एकाच संदर्भासाठी लोकलने चर्चगेट आणि सांताक्रूझ अशा दोन्ही टोकांना जाणे हा मुंबईच्या संशोधकाच्या दिनक्रमाचा भाग झाला. त्याच वर्षी विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणही सुरू केले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना घरपोच येणाऱ्या छापील टिपा हेच त्यांचे ग्रंथालय होते.

विद्यापीठाच्या फाटकाबाहेरही एक समांतर व्यवस्था वाढली. हुतात्मा चौकाच्या पदपथांवरील जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत कायदा, वैद्यक, अभियांत्रिकीची आदल्या आवृत्तीची पुस्तके निम्म्या किमतीत मिळत आणि परीक्षेनंतर तीच परत विकताही येत. ग्रंथालयात एकच प्रत आणि मागणारे पन्नास, अशा पुस्तकांचा प्रश्न आधी या रांगेने आणि ऐंशीच्या दशकानंतर झेरॉक्सच्या दुकानांनी सोडवला. २००५ मध्ये महापालिकेने कारवाई केल्यानंतर पदपथांवरची ती रांग विरळ झाली.

नव्वदच्या दशकात रुपयाचे अवमूल्यन आणि परदेशी प्रकाशकांच्या वाढत्या वर्गण्या यांनी देशभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांची नियतकालिके एकामागून एक बंद पाडली. त्यावर उपाय निघाला तो सामुदायिक. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्फ्लिबनेट’ हा ग्रंथालये जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध संगणकीय प्रतीत देणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ या भांडारात तो कोणालाही घरबसल्या वाचता येऊ लागला. घुर्यांच्या काळात कपाटात कुलूपबंद राहणाऱ्या प्रबंधांचे स्थान त्यामुळे पार बदलले. त्याबरोबर एकाचे दुसऱ्याने उचललेले परिच्छेदही पूर्वीपेक्षा लवकर पकडले जाऊ लागले.

जुन्या इमारतीकडे पुन्हा लक्ष गेले ते तिच्या वारसामूल्यामुळे. मनोरा आणि ग्रंथालय यांच्या दगडी कामाची, लाकडी छताची आणि रंगीत काचांची डागडुजी २०१५ मध्ये पुरी झाली. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, त्यात ग्रंथालयाचाही समावेश आहे.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेखाली तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके देशातील सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना एकत्रित वर्गणीत मिळू लागली. तीन वर्षांसाठी त्यावर ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. कलिन्यात बसलेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी कपाटापर्यंत जावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी मासिकांचे जुने अंक मात्र या वर्गणीत येत नाहीत. त्यांसाठी फोर्टमधले ग्रंथालय, एशियाटिक सोसायटी किंवा दादरचे मराठी ग्रंथसंग्रहालय हेच पत्ते आजही कायम आहेत.